हार्ड डिस्कवर पुन्हा पुन्हा येणारे फाइल सिस्टीमचे दोष : घरच्या संगणकाची तपासणी कोणत्या क्रमाने करावी

संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ अशी ओळ येते, टक्केवारी सावकाश पुढे सरकते, विंडोज नेहमीप्रमाणे उघडते आणि काही दिवसांनी तीच ओळ पुन्हा दिसते. कधी एखादा फोल्डर उघडायला नकार देतो आणि तो करप्ट झाल्याचा संदेश मिळतो, तर कधी काल जतन केलेली फाइल आज शून्य आकाराची दिसते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कितीतरी घरांत केळी-कापसाच्या विक्रीचा हिशेब, पीकविम्याची कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प आणि लग्नकार्याचे फोटो हे सारे एकाच हार्ड डिस्कवर असते. म्हणून या संदेशाकडे दुर्लक्ष करू नये आणि घाईने फॉरमॅटही मारू नये. हा लेख विंडोज १० किंवा ११ वापरणाऱ्या आणि असा दोष प्रथमच पाहणाऱ्या वाचकांसाठी आहे.

फाइल सिस्टीम म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे, तिचा आकार किती आणि कोणती जागा मोकळी आहे याची नोंद. विंडोजमध्ये ही नोंद एनटीएफएस पद्धतीने ठेवली जाते. ही पद्धत १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. तलाठ्याच्या दप्तरात गट क्रमांक चुकला तरी शेत जागचे हलत नाही. त्याचप्रमाणे नोंद बिघडली तरी फाइलमधील मजकूर बऱ्याचदा डिस्कवर शाबूत असतो. एनटीएफएस नोंदीतील बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे वेगळ्या नोंदवहीत, लिहिते आणि मग प्रत्यक्ष करते, त्यामुळे एखाद्या वेळी अचानक वीज गेली तरी नोंद सहसा सावरली जाते. मात्र हे संरक्षण नोंदीपुरते असते, फाइलच्या आतल्या मजकुराला ते मिळत नाही.

यावरून एक गोष्ट निघते आणि पुढची सारी तपासणी तिच्यावर उभी आहे. दोष एकदाच आला असेल, तर दुरुस्ती करून पुढे जाता येते. तो परत परत येत असेल, तर डिस्क, केबल, वीजपुरवठा किंवा रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) यांपैकी काहीतरी त्या नोंदी सतत बिघडवत आहे असे धरून चालावे. चेकडिस्क हा विंडोजमधील दुरुस्तीचा प्रोग्रॅम बिघडलेली नोंद जुळवून देतो. ती कशामुळे बिघडली याचा शोध तो घेत नाही. म्हणूनच तोच तो प्रोग्रॅम दर आठवड्याला चालवून काही साध्य होत नाही, आणि डिस्क खरोखरच खराब होत चालली असेल तर त्या धावपळीत तिचे उरलेले आयुष्यही संपते. काही जण सुरुवातीची ही तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला देतात. तो मानू नये, कारण त्यामुळे फक्त सूचना दिसेनाशी होते, दोष वाढतच राहतो.

पहिली पायरी : आधी फाइली बाहेर काढा

कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या, वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. येथे नवख्यांचा एक गैरसमज हमखास आढळतो. सी ड्राइव्हमधील फोल्डर डी ड्राइव्हमध्ये ठेवला म्हणजे बॅकअप झाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु घरच्या बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, आणि डिस्क गेली की दोन्ही भाग एकदमच जातात. बॅकअप बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर, दुसऱ्या संगणकावर किंवा ऑनलाइन साठवणुकीत घ्यावा.

उतरवण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. पुन्हा मिळणार नाहीत अशा लहान फाइली आधी, म्हणजे हिशेब, कागदपत्रे आणि फोटो, त्यानंतर व्हिडिओ, आणि पुन्हा डाउनलोड करता येतील असे चित्रपट व सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी, किंवा ते सोडूनच द्यावेत. एखाद्या फाइलपाशी कॉपी अडकून राहिली तर ती फाइल वगळून पुढे जावे, कारण खराब जागेवर वारंवार वाचनाचा प्रयत्न झाल्याने डिस्कवरचा ताण वाढतो. विंडोजमधील रोबोकॉपी या आदेशाने हे काम सोपे होते, पण त्यात एक मेख आहे : वाचता न आलेल्या फाइलसाठी तो आपणहून दहा लाख वेळा प्रयत्न करतो आणि प्रत्येक प्रयत्नादरम्यान ३० सेकंद थांबतो. म्हणून आदेशाच्या शेवटी स्लॅश, आर, कोलन, १ आणि स्लॅश, डब्ल्यू, कोलन, १ असे दोन पर्याय इंग्रजी कीबोर्डवरून जोडावेत. मग तो एकच पुनर्प्रयत्न करून पुढच्या फाइलकडे वळतो.

डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर मात्र कॉपीचाही आग्रह धरू नये. संगणक लगेच बंद करावा. त्या डिस्कवर काही अमूल्य असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे ती न उघडता न्यावी. अशी डिस्क सुरू ठेवलेला प्रत्येक तास परत मिळू शकणाऱ्या फाइलींची संख्या कमी करत असतो.

दुसरी पायरी : डिस्क स्वतः काय सांगते ते वाचा

हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. या सोयीला स्मार्ट म्हणतात. ती वाचण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. निळा रंग चांगली स्थिती, पिवळा इशारा आणि लाल धोका दाखवतो, पण फक्त रंगावर विसंबून राहू नये. त्यातील कच्चे आकडे सुरुवातीला सोळा चिन्हांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत दिसतात. ते फंक्शन मेन्यूतील ॲडव्हान्स्ड फीचरमधून रॉ व्हॅल्यूज निवडून नेहमीच्या दशमान पद्धतीत आणावेत आणि पुढील चार ओळी वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात.

०५ क्रमांकाची ओळ किती खराब सेक्टरांच्या (डिस्कवरील साठवणुकीच्या लहान कप्प्यांच्या) जागी राखीव सेक्टर वापरले गेले हे सांगते. सी५ ही ओळ वाचताना अडलेल्या आणि अजून निर्णय न झालेल्या सेक्टरांची संख्या दाखवते. सी६ मध्ये दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर मोजले जातात. सी७ ही ओळ या तिघींपेक्षा वेगळी आहे. डिस्क आणि मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) यांच्यामधल्या वाटेवर डेटा किती वेळा बिघडला, हे ती मोजते. पहिल्या तीन ओळींत शून्याव्यतिरिक्त आकडा असेल आणि तो दिवसागणिक वाढत असेल, तर पुढच्या पायऱ्यांवर वेळ घालवू नये. फाइली काढून घ्याव्यात आणि डिस्क बदलावी. ०५ मध्ये थोडासा आकडा असून तो महिनोन्‌महिने स्थिर असेल तर डिस्क काही काळ चालूही शकते, पण माझ्या मते एकमेव प्रत असलेली कोणतीही फाइल अशा डिस्कवर ठेवू नये. केवळ सी७ वाढत असेल तर आनंदाची गोष्ट आहे, कारण दोष बहुधा स्वस्तात मिळणाऱ्या केबलमध्ये असतो. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का, एवढेच पाहावे.

यासोबत विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधील सिस्टीम हा विभाग पाहावा. तेथे डिस्क या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉक सांगते, एनटीएफएसची ५५ क्रमांकाची नोंद फाइल सिस्टीमची रचना बिघडल्याचे सांगते, १५३ ही डिस्कचे काम पुन्हा करून पाहावे लागल्याची नोंद आहे, आणि कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद संगणक नीट बंद न होता गेल्याचे दर्शवते. या नोंदींच्या वेळा एकमेकींशी ताडून पाहणे हे या तपासणीतील सर्वांत मोलाचे काम आहे. ५५ च्या आधी प्रत्येक वेळी ४१ दिसत असेल, तर संशय विजेकडे जातो. ४१ अजिबात नसताना १५३ ची रांग लागलेली असेल, तर केबल किंवा डिस्ककडे. चेकडिस्कने सुरुवातीच्या तपासणीत काय दुरुस्त केले, ते ॲप्लिकेशन विभागात विनइनिट या स्रोताच्या १००१ क्रमांकाच्या नोंदीत वाचायला मिळते.

तिसरी पायरी : केबल

संगणक बंद करून, वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि मगच कॅबिनेट उघडावे. साटा डेटा केबल डिस्ककडून आणि मदरबोर्डकडून सोडवून तिच्या जागी नवी, दोन्ही टोकांना धातूची चाप असलेली केबल बसवावी, आणि शक्य असल्यास मदरबोर्डवरील दुसरे साटा पोर्ट वापरावे. डिस्कला वीज देणारा जोडही दुसऱ्या वायरीवरचा घ्यावा. ही केबल जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तालुक्याच्या कोणत्याही संगणक दुकानात सहज मिळते. इतक्या किरकोळ वस्तूसाठी जुनीच केबल हलवून परत बसवण्यात अर्थ नाही. यूएसबी डिस्कच्या बाबतीतही हाच नियम आहे : केबल बदलावी, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचे पोर्ट वापरावे आणि हबमधून डिस्क जोडू नये.

यापुढे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच बदल करावा, तो तारखेसह लिहून ठेवावा आणि काही दिवस वाट पाहावी. केबल, रॅम आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधील वीज पुरवणारा डबा) एकाच दिवशी बदलले आणि दोष गेला, तर त्यातले काय कारणीभूत होते हे कधीच कळत नाही, आणि तो दोष महिन्याने परतला तर सारे काम नव्याने करावे लागते.

चौथी पायरी : वीज

खानदेशात या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. गावठाणातील घरांना तुलनेने बरा पुरवठा मिळतो, पण मळ्यातल्या घराला शेतीच्या वाहिनीवरून वीज येत असेल तर पंप सुरू होताना दाब खाली येतो, बंद होताना वर जातो, आणि वीज जाण्यायेण्याच्या वेळाही ठरलेल्या असतातच असे नाही. संगणकातील एसएमपीएस बाहेरची वीज गेल्यावर पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंदच तग धरतो; ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनही २० मिलिसेकंदांचे असते. त्यामुळे दिव्याची केवळ उघडझाप झाली तरी संगणक बंद पडू शकतो, आणि त्या क्षणी रॅममध्ये किंवा डिस्कच्या कॅशमध्ये (तिच्या तात्पुरत्या स्मृतीत) असलेले, पण डिस्कवर न उतरलेले लेखन नष्ट होते.

यूपीएस असेल तर त्याची बॅटरी खरोखर काम देते का, हे तपासावे. त्यासाठी विंडोज चालू असताना प्लग ओढू नये. संगणक सुरू करून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर थांबावे, कारण तेथे डिस्कवर लेखन होत नाही, आणि मग यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा. एक-दोन मिनिटांच्या आत संगणक बंद पडला, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली आहे. शिशाच्या या बॅटऱ्या उष्णतेत लवकर म्हाताऱ्या होतात, आणि आपल्याकडील उन्हाळा त्यांना मुळीच मानवत नाही. घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल तर इन्व्हर्टरच्या मागील कळ यूपीएस या स्थितीत आहे का ते पाहावे. साध्या स्थितीत तो पुरवठा बदलायला अधिक वेळ घेतो, आणि पंख्याला न जाणवणारा तो वेळ संगणकाला पुरत नाही.

एसएमपीएसची तपासणी बायोसमधील हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर ढोबळमानाने करता येते. १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आणि ५ व्होल्टची ओळ ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान असायला हवी. बायोसमधील आकडे पूर्ण विश्वासार्ह नसतात, म्हणून शंका आल्यास मल्टिमीटरने मोजून घ्यावे किंवा दुसऱ्या संगणकाचा चांगला एसएमपीएस काही दिवस लावून पाहावा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराची अर्थिंग तुटलेली किंवा कोरडी पडलेली असते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल नाहीशी होते; त्या दिवसांत खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि परवानाधारक वायरमनकडून जोड तपासून घ्यावा. हे काम संगणकापेक्षाही घरातल्या माणसांच्या जिवासाठी अधिक गरजेचे आहे.

पाचवी पायरी : उष्णता, धूळ आणि कूलर

मे महिन्यात जळगाव आणि भुसावळ येथे पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. खोलीच ४० अंशांवर असेल तर बंद टेबलाच्या कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटमधील डिस्क सहज ५० अंश ओलांडते. पुष्कळ घरगुती डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते, परंतु ती मर्यादा गाठण्याची वाट पाहू नये. क्रिस्टलडिस्कइन्फोमधील तापमान ५० च्या खाली राहील अशी व्यवस्था करावी. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढावे, मागे वीतभर जागा सोडावी आणि डिस्कसमोरचा पंखा फिरतो आहे का ते पाहावे. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीवर थर धरतात, म्हणून जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी त्या महिन्यांत जाळी अधिक वेळा साफ करावी.

उकाड्यावर उपाय म्हणून संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. ती टाळावी. ती हवा दमट असते, तिच्यासोबत क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषारही येतात, आणि केबलच्या जोडांवर व रॅमच्या पट्ट्यांवर हळूहळू गंज बसतो. कूलरचा आणि संगणकाचा प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवरही लावू नये.

सहावी पायरी : रॅम

डिस्कवर जाणारी प्रत्येक नोंद आधी रॅममधून जाते. रॅममधील एखादा भाग सदोष असेल, तर चांगल्या डिस्कवर चुकीची नोंद अगदी बिनचूक लिहिली जाते. डिस्कचे आकडे स्वच्छ आहेत, केबल नवी आहे, वीज स्थिर आहे आणि तरीही दोष येतो, शिवाय अधूनमधून निळा पडदा दिसतो किंवा झिप फाइली उघडताना अडतात, अशा वेळी रॅमचाच संशय घ्यावा. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून एम, डी, एस, सी, एच, ई, डी ही अक्षरे लिहिल्यास मेमरी डायग्नोस्टिक सुरू होते. त्यातून काही निघाले नाही तरी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावे, कारण ते अधिक कसून तपासते. एकही चूक दाखवली गेली तर ती चूकच मानावी. रॅममध्ये ‘थोडीशी चूक चालते’ असे काही नसते. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून तपासावे. रॅम सदोष असताना चेकडिस्क चालवणे सर्वांत घातक, कारण दुरुस्तीच चुकीची लिहिली जाते.

सातवी पायरी : विंडोजच्या सवयी

येथे फार वेळ लागत नाही. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे शटडाउन केल्यावरही संगणक पूर्णपणे बंद होत नाही. त्याची काही स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. त्याच संगणकावर लिनक्सही असेल किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली जात असेल, तर या जपलेल्या स्थितीमुळे नोंदी बिघडतात. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करावी. घरातील सर्वांना, विशेषतः मुलांना, पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद न करण्याची सवय लावावी.

आठवी पायरी : आता दुरुस्ती

कारण सापडून दूर झाल्यावर, आणि बॅकअप हाताशी असतानाच, चेकडिस्क चालवावे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून सी, एच, के, डी, एस, के ही अक्षरे सलग लिहावीत, एक जागा सोडून ड्राइव्हचे अक्षर व कोलन द्यावा, आणि पुन्हा एक जागा सोडून स्लॅश व एफ लिहावे. सी ड्राइव्ह वापरात असल्यामुळे तपासणी पुढच्या सुरुवातीला करण्याची परवानगी मागितली जाते. तेव्हा वाय दाबून संगणक पुन्हा सुरू करावा. एफऐवजी आर लिहिल्यास हेच काम होऊन शिवाय संपूर्ण डिस्क वाचून खराब सेक्टर शोधले जातात. सेकंदाला १०० मेगाबाइट हा वेग धरला तरी एक टेराबाइट वाचायला पावणेतीन तास लागतात, आणि डिस्कमध्ये खोट असेल तर त्याहून कितीतरी अधिक. हे काम वीज टिकण्याची खात्री असलेल्या वेळीच हाती घ्यावे आणि मध्येच तोडू नये.

दुरुस्तीनंतर ड्राइव्हवर फाउंड आणि तीन शून्ये अशा नावाचा लपलेला फोल्डर दिसू शकतो. त्यात धनी हरवलेले फाइलींचे तुकडे ठेवलेले असतात. हरवलेली फाइल मिळाल्याची खात्री होईपर्यंत तो पुसू नये. त्यानंतर एस, एफ, सी, मग एक जागा, स्लॅश आणि स्कॅननाऊ हा आदेश देऊन विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासाव्यात. हा क्रम उलटा करू नये.

डिस्क बदलण्याची वेळ आली तर

नवी डिस्क घेताना विंडोजसाठी एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क) घ्यावी आणि त्यावर विंडोज नव्याने टाकावे. बिघडलेल्या डिस्कची हुबेहूब प्रत केली, तर बिघडलेल्या नोंदीही तिच्यावर येतात. जुन्या डिस्कवर बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजच्या सांकेतिक कुलपाचे, संरक्षण असेल तर तिची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल तर चांगल्या स्थितीतील फाइलीही उघडणार नाहीत. दुकानदाराला संगणक देताना ‘फॉरमॅट करू नका, आधी फाइली पाहिजेत’ असे लिहून द्यावे, कारण तोंडी सांगितलेले कामाच्या गर्दीत सुटू शकते.

काढलेली डिस्क बॅकअपसाठी वापरण्याचा मोह होतो. सी५ किंवा सी६ वाढत असलेली डिस्क त्या कामाला घेऊ नये. आकडे स्थिर वाटत असतील, तर क्विकची खूण काढून तिला पूर्ण फॉरमॅट करावे. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात, त्यामुळे अडलेल्या सेक्टरांचा निर्णय लागतो. त्यानंतर ०५ चा आकडा पाहावा. तो वाढला असेल तर डिस्क ई-कचऱ्यात द्यावी, आणि देण्यापूर्वी कॅबिनेटबाहेर काढून तिच्या आतील तबकड्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून किंवा तोडून निकामी कराव्यात, कारण त्यावर आपले आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि घरच्या माणसांचे फोटो अजूनही वाचता येण्याजोगे असू शकतात.